स्टार नंतर लावू, आधी पाठ वाचू

येत्या रविवारी, ३० नोव्हेंबरला, आगमनकाळ सुरू होतोय. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. आमच्या थेरगावच्या घरात माळ्यावरून स्टार खाली आलाय, लायटिंगची माळ कुठे जळलीय ते शोधणं चालू आहे. पण या वेळी माझ्याकडे आणखी एक काम आलंय. पहिल्याच रविवारी चर्चमध्ये जुन्या करारातला पाठ मला वाचायचाय.

मास कॉमची डिग्री घेतलीय, त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. घरी मोठ्यानं वाचायला बसले आणि ‘फाळ’ या शब्दावर अडखळले. पाठ यशयाच्या दुसऱ्या अध्यायातला आहे. एक दिवस लोक शस्त्रं मोडून त्यांची शेतीची अवजारं करतील आणि लढाई शिकणंच सोडून देतील, असं संदेष्टा त्यात सांगतो.

“पप्पा, फाळ म्हणजे?”

पप्पा नगर जिल्ह्यातून इकडे नोकरीला आले, सगळं आयुष्य फोर्जिंग शॉपमध्ये गेलं. म्हणाले, “नांगराचं लोखंडी टोक. जमिनीत घुसतं ते.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तलवारीचा फाळ करायचा तर नुसती मोडून भागत नाही. लाल होईस्तोवर तापवायची, मग ठोकायची. गार झाली की परत भट्टीत. अंगाला चटके बसतात गं.”

पाठांचं हे चक्र तीन वर्षांचं असतं. म्हणजे बावीस वर्षांत हा पाठ मी सहा-सात वेळा तरी ऐकला असणार. दर वेळी माझं लक्ष नंतरच्या चहाकडे. शांती म्हटलं की मला कार्डावरचं कबुतर आठवायचं. त्यात भट्टी आणि घामही आहे, हे पहिल्यांदा कळलं.

हे आपल्याला कळावं म्हणून कुणीतरी केवढे कष्ट घेतलेत! पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल छापून आलं १९२४ मध्ये. आणि आपण आयता पाठही कान बंद करून ऐकतो.

शिवाय हा पाठ फक्त यरुशलेमचा नाहीये. आपल्या एका बाजूला खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, दुसऱ्या बाजूला देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी. मध्ये पवनेकाठी जिथे नांगर चालायचे, तिथे आता टॉवर आहेत. तिथे राबणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, त्यावरही घरं चालतात. पण फाळ म्हणजे काय हे विचारावं लागणारी पिढी याच पट्ट्यात तयार झाली, हे खरंय.

आणि शस्त्रं काय फक्त कारखान्यात बनतात? एका स्क्रीनशॉटवरून झालेल्या भांडणानंतर आठ महिने मी एका मैत्रिणीशी बोललेले नाही. तो स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलाय, वेळ आली तर वापरू म्हणून. ती चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसते. रविवारी तिच्यासमोर उभं राहून मी शस्त्रं मोडायचा पाठ वाचणार!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : पाठ आदल्या दिवसांतच वाचा. घरी, मोठ्यानं, अडेल तिथे विचारत. सजावट एका संध्याकाळीत होते, मनाची तयारी होत नाही. त्यासाठीच चार आठवडे दिलेत. तुमच्या घरी सण दुसरा असेल, पोथी दुसरी असेल, तरी करून बघा. ऐकून पाठ झालेल्या ओळींत आपलंच काहीतरी निघतं.

स्क्रीनशॉट काल डिलीट केला. मेसेज टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. रविवारपर्यंत वेळ आहे. पप्पा म्हणतात तसं, गरम आहे तोवर ठोकायला हवं.