कुलीन कुत्र्यांचा मुतखडा

मागील महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मुलांनीं हट्ट धरला कीं, कुत्रा आणावयाचा तर पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला डाल्मेशियनच आणावा. विक्रेत्यानें पिल्लाबरोबर चार पिढ्यांची छापील वंशावळहि दाखविली. ती पाहून घरांतील आजोबा प्रसन्न झाले व म्हणाले, "ज्याचें कूळ इतकें स्पष्ट, त्याच्यांत खोट ती कोठून येणार?" त्या वेळीं आम्ही गप्प बसलों, पण उत्तर देणें प्राप्त होतें, तें येथें देत आहों.

खोट आहे, आणि ती कुळांतच आहे. बहुतेक कुत्र्यांच्या शरीरांतील यूरिक ॲसिड यकृतांत शिरतें व तेथें पाण्यांत सहज विरघळणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांत पालटतें. हा पालट घडविणारें द्रव्य डाल्मेशियनच्या यकृतांतहि असतें. परंतु यूरिक ॲसिडास पेशींच्या आंत नेणारा वाहकच बिघडलेला असल्यामुळें तें बरेंचसें तसेंच मूत्रावाटें बाहेर पडतें. धान्य आहे, जातेंहि आहे. धान्य जात्यापर्यंत नेणारें मात्र कोणी नाहीं! मग मूत्राशयांत खडे जमतात. मादीचें बहुधा निभावतें. नराचा मूत्रमार्ग अरुंद, त्यांत खडा अडकून लघवी तुंबली कीं जिवावर बेततें. सर्वांनाच खडे होतात असें नाहीं. पण खड्यांस अनुकूल असें मूत्र सर्वांचेंच.

डाल्मेशियनच्या मूत्राचें हें वेगळेपण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनीं १९१६ सालीं नमूद केलें. १९३८ सालीं ट्रिंबल व कीलर यांनीं दाखविलें कीं, हा दोष मेंडेलच्या नियमाप्रमाणें सुप्त स्वरूपाचा आहे. आई व बाप दोघांकडून आला तरच तो प्रकट होतो.

एरवीं एवढें कळलें म्हणजे अर्धें काम झालें. वंशावळी तपासाव्या, निर्दोष नर-माद्या निवडाव्या, त्यांचींच पिल्लें वाढवावीं. येथें निवडावयास कोणी उरलेंच नव्हतें. शुद्ध म्हणून नोंदलेल्या डाल्मेशियनांत तें सदोष बीज दोन्ही बाजूंनीं ठाण मांडून बसलेलें. कितीहि वंशावळी चाळा, प्रत्येक स्थळ सारखेंच! (सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या आपल्या घरांतून कुत्र्याची मात्र एकाच गोतांतील पैदास कौतुकानें विकत घेतली जाते, ही मौजच म्हणावयाची.)

तेव्हां बाहेरचें रक्त आणण्यावांचून गत्यंतर नव्हतें. रॉबर्ट शायबल हे आनुवंशशास्त्रज्ञ. डाल्मेशियनची पैदासहि करीत. १९७३ सालीं त्यांनीं पॉइंटर जातीच्या कुत्र्याशीं डाल्मेशियनचा एकदांच संकर घडविला. पुढें प्रत्येक पिढींत निर्दोष बीज आलेलें पिल्लूं निवडून त्याचा जोडा शुद्ध डाल्मेशियनशींच जमविला. पांचव्या पिढीस गणितानें ३२ भागांत पॉइंटरचा १ भाग उरला. १९८१ सालीं अमेरिकन केनेल क्लबनें अशा दोघांची नोंद केली. त्यावर जातीच्या अभिमान्यांनीं ओरड केली आणि पुढील नोंद बंद पडली. ती पुन्हां खुली व्हावयास २०११ साल उजाडलें! रोगाचें कारण ठाऊक, उपाय हातीं, आणि तरीहि तीस वर्षें प्रश्न एवढाच कीं, बत्तिसावा हिस्सा परका असलेल्यास आपला म्हणावें कीं नाहीं. या मंडळींना आपल्या कुत्र्यांची माया नव्हती असें आम्हांस वाटत नाहीं. माया होती, पण ठिपक्यांवर अधिक होती. दरम्यान २००८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॅनिका बॅनाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें सदोष बीज नेमकें हुडकून काढलें. त्यामुळें आतां गालाच्या आंतून फिरविलेल्या बोळ्यावरूनहि तें तपासतां येतें.

हें सर्व आम्हीं आजोबांना सांगितलें. त्यांनीं विक्रेत्याकडे तपासणीचा कागद मागितला. त्याला असा कागद असतो हेंच ठाऊक नव्हतें. मुलें तोंवर पिल्लास नांव देऊन बसलीं होतीं, त्यामुळें परत पाठविणें कोणाच्यानेंच होईना. तें नर आहे. गुरांच्या डॉक्टरांनीं काळीज-यकृताचें मांस वर्ज्य सांगितलें असून पाणी भरपूर पाजावयास व वरचेवर लघवीस बाहेर न्यावयास सांगितलें आहे. लघवीस कुंथूं लागला, थेंब-थेंब होऊं लागली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच वेळीं आणा, अशी ताकीद दिली आहे. पाण्याचें भांडें भरण्याचें काम आजोबांनीं स्वतःकडे घेतलें आहे, आणि वंशावळीचा कागद सध्यां त्याच भांड्याखालीं अंथरलेला असतो.