एक जूनला जन्मलेली पिढी

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या व्याख्यानांत हल्ली पिढ्यांची वाटणी हा चलनी विषय आहे. अशाच एका व्याख्यात्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले मिलेनियल, १९९७ ते २०१२ मधले जेन-झी; जन्मसाल सांगा, स्वभाव सांगतो. हा धंदा ज्योतिषीही करतात, पण ते निदान जन्मवेळ तरी विचारतात.

सगळा डोलारा जन्मसालावर आहे, म्हणून आधी तेच तपासू. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत असंख्य माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. पोर शाळेत आणलं की हेडमास्तर अंदाजाने सहा वर्षं मागे मोजायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तीच तारीख रजिस्टरात चढवायचे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तो लगेच पोचला असं समजायचं कारण नाही. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांत हारतुऱ्यांची झुंबड उडते. एवढी माणसं एकाच मुहूर्तावर जन्मली कशी? आईला विचारावं तर ती ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा’ एवढंच सांगणार. आणि खरं तर तेच जास्त उपयोगाचं आहे. आता जन्मदाखले असतात, हा आक्षेप मान्य. पण दाखल्याने साल पक्कं होतं, अनुभव नव्हे. १९८५ साली गंगापूर रोडच्या बंगल्यात आणि सुरगाण्याच्या पाड्यावर जन्मलेल्या दोघांना एका खोक्यात कोंबायला विद्वत्ताच लागते! १९९६ ची रेघ ओढणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची आठवण हे एक कारण दिलं, ते तिथलं. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८ मध्येच बजावलं होतं की नुसत्या समवयस्कतेने पिढी होत नाही. आपल्या साठोत्तरी, म्हणजे १९६० नंतर पुढे आलेल्या, लेखकांत कोणाला मोजायचं हा वादही आठवावा: १९२६ साली जन्मलेले नारायण सुर्वे त्यांच्यात मोजले जातात ते लिहिण्यामुळे, जन्मसालामुळे नव्हे.

मग पिढी मोजायची कशी? कोणती घटना कोणत्या वयात अंगावर आली, यावरून. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द झाला, २०२१ ला परीक्षाच झाली नाही. या दोन बॅचमध्ये जन्मसालं मिसळलेली आहेत, तरी त्या एकमेकींना ओळखतात. तेव्हा नववीत असलेल्यांनीही वर्ग मोबाइलवरच भरवला, म्हणून कड पुसट आहे हे कबूल. पण ती कशाने पडली हे तरी सांगता येतं. १९९६ ची रेघ नाशकात कशाने पडली, हे व्याख्यात्यांनी एकदा सांगावं.