रात्रीच्या सॅक्सोफोनला नाव असतं

रात्री अकरानंतर बीडमध्ये भाड्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या पोरांच्या हेडफोनमध्ये काय वाजतं, ते मला माहीत आहे. मी त्यांच्यातलाच एक. ‘रोमँटिक सॅक्सोफोन, तीन तास, पावसाच्या आवाजासह.’ स्क्रीनवर ओली खिडकी, कॉफीचा कप. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. माझं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे.

आधी एक तक्रार निकालात काढतो. ‘जॅझ-बिझ आपलं नाही, पुण्या-मुंबईच्या कॅफेतलं फॅड आहे,’ असं म्हणणारे मित्र मला नेहमी भेटतात. त्यांनी ‘आराधना’ (१९६९) आठवावा. पावसाळी रात्र, शेकोटी, राजेश खन्ना, शर्मिला टागोर. त्या गाण्यात मधूनमधून जो घोगरा, आर्जवी सूर येतो, तो मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन. ‘काश्मीर की कली’ (१९६४) आणि ‘गाइड’ (१९६५) या सिनेमांच्या गाण्यांतही तेच आहेत. मुंबईतले कितीतरी गोवेकर वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचे. म्हणजे हा सूर रेडिओवरून आपल्या घरात कधीच येऊन बसलाय. फक्त तो कोणाचा, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं, वादकांची नावं सहसा यायची नाहीत.

नाव पुसलं जाणं म्हणजे काय, हे बीडला शिकवायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. लग्नात वरातीपुढे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, एखाद्या मोठ्या बँडात सॅक्सोफोनही वाजवणारे आपल्यासाठी नुसते ‘बँडवाले’. त्यांची जात गावाला पाठ असते. नाव मात्र एकच माहीत असतं, इसार घेणाऱ्या मालकाचं, तेही गाडीवर रंगवलेलं असतं म्हणून.

‘कानाला गोड लागलं की झालं, नाव कशाला?’ असं विचाराल. कारण संथ प्रेमगीत सॅक्सोफोनवर वाजतं, तेव्हा ते एका माणसाच्या श्वासावर चालतं. वाद्य पितळेचं, पण सूर निघतो तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीतून. ती पट्टी एका जाड गवताची असते, आपल्या उसाच्याच कुळातल्या. ओठाचा दाब जरा बदलला की सूर बदलतो. म्हणून एकाच वाद्यावर कोलमन हॉकिन्सचा सूर जाडजूड, भरदार लागतो आणि लेस्टर यंगचा हलका, जवळ बसून बोलल्यासारखा. गाणं वाजवायचं तर त्याचे शब्द माहीत हवेत, असा यंगचा आग्रह असे. वाद्यातून शब्द ऐकू येत नाहीत, तरीही! कारण तो कुणाशी तरी काहीतरी बोलत होता.

बोलणारा काढून टाका, मग उरते ती उन्हाळ्यातल्या कूलरची घरघर. झोप तिनेही लागते. असले तुकडे आता मशीनही बनवतं, आणि आपण ते प्रेमाच्या नावाखाली ऐकतो. प्रेम ही तर नावानिशी करायची गोष्ट! ‘कोणीतरी एक’ म्हणून आपल्यावर कुणी प्रेम केलं तर चालेल का आपल्याला?

आणि यात पैशाचाही प्रश्न आहे. ज्याचं नाव कुणी विचारत नाही, त्याची मजुरी बुडवणं सोपं असतं. उसाच्या फडातही आणि स्टुडिओतही.

म्हणून रात्री जागायचंच असेल तर नाव टाइप करून जागा. हॉकिन्सने १९३९ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘बॉडी अँड सोल’ ऐका, जेमतेम तीन मिनिटांचं आहे. जॉन कोल्ट्रेनचा ‘बॅलड्स’ हा १९६३ चा अल्बम ऐका. मनोहारी सिंग ऐका. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांना शोधा.

आणि येत्या लग्नसराईत नाचून दमलात की बँडातल्या त्या माणसाला पाणी द्या, नाव विचारा आणि एखादं संथ गाणं वाजवायला सांगा. दिवसभर त्याच्याकडून आपण फक्त दणका मागत असतो.