आडवी बाटली का हरते?

कायदा लोकांनी करावा, असं आपण नेहमी बोलतो. स्वित्झर्लंडमध्ये 18 महिन्यांत 1 लाख सह्या जमवल्या, की राज्यघटनेतला बदल थेट जनतेच्या मताला टाकता येतो. आपल्याकडे तसा हक्क नाही. पण महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी एक वाट आहे आणि ती बायकांसाठीही खुली आहे.

2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्या तपासून दारूच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

एवढं असूनही आडवी बाटली हरते, ती हिशेबात. निम्म्याहून जास्त मतं लागतात, पण ती आलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त. समजा, यादीत 600 बायका आहेत. 400 जणी आल्या, 290 जणींनी आडवीला आणि 110 जणींनी उभीला मत दिलं. जिंकलो असं वाटेल. पण हवी होती 301. घरी बसलेल्या 200 जणींनी दुकान वाचवलं.

आम्ही राहतो त्या वालावलसारख्या कोकणातल्या गावांत हे जास्त बोचतं. कुणी मुंबईला चाकरमान्याच्या बिऱ्हाडी, कुणी लग्न होऊन सासरी, कुणी अल्लाहला प्यारी झालेली. नावं मात्र यादीतच. त्यांचं न आलेलं मत उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडतं.

म्हणून भगिनींनो, सह्यांच्या आधी मतदार यादी वाचा. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं नमुना 7 भरून कमी करून घ्या. मुंबईकरणींना तारीख आधी कळवा. मतदानादिवशी शेजारणीला हाताला धरून न्या, मग ती फातिमा असो वा पार्वती. दारू आपल्यात हराम आहे, म्हणून आपण निर्धास्त राहायचं का? नवऱ्याचा मार खाणारीचं रडणं भिंतीपलीकडून आपल्यालाच ऐकू येतं. घरात मशवरा करून ठरवतो, तसंच हे गावाचं ठरवणं आहे. त्यात गप्प राहणं हेही एक मत आहे, आणि ते कुणाच्या खात्यात जमा होतं, हे आता आपल्याला ठाऊक आहे.