भातखाचरावरचा आकाशकंदील

गेल्या रविवारी नातवाला घेऊन बेलापूरचा किल्ला पाहायला गेलो होतो. किल्ला म्हणजे काय, एक बुरूज आणि भोवती झाडोरा! पण "आजोबा, हा कुणाचा?" या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबलचक निघाले. सिद्दी झाले, पोर्तुगीज झाले, मराठे झाले आणि १८१७ साली इंग्रज आले. पलीकडे पनवेलीस शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल तेली नांदले. त्यांचे १८४९ चे प्रार्थनामंदिर तिथे आहे. खाडीने कुणाला नाही म्हटले नाही.

आता खाडीचा मान न्हावा-शेव्याकडे गेला. २६ मे १९८९ रोजी तिथले बंदर सुरू झाले, मुंबई बंदराचा भार हलका करायला. आज देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरांपैकी निम्म्याच्या आसपास तिथून जातात. नाशिकची द्राक्षे युरोपाला निघतात ती याच वाटेने. आमच्या चिरंजिवांची भाकरीही त्या बंदराच्या कागदपत्रांवर भाजली जाते!

परतताना मासळीवाल्या मावशी भेटल्या. नातवाने लगेच आपले ज्ञान पाजळले. मावशी हसल्या. म्हणाल्या, "बाळा, तुझी बिल्डिंग आहे ना, तिथं माझ्या सासऱ्यांचं भातखाचर होतं."

मी तीस वर्षे त्यांच्याकडून बोंबील घेतो आहे. हे कधी विचारलेच नव्हते!

मावशींचे माहेर उरणकडचे. १९७० नंतर नव्या शहरासाठी जमिनी जाऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला. "माझा भाऊ होता त्यात. तो आला घरी. पाच जण नाही आले," मावशी म्हणाल्या आणि सुरी पुन्हा चालू लागली. त्या लढ्यामुळेच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांना परत देण्याची योजना आली.

घरी येऊन मी आकाशकंदील लावायला घेतला. नातू खालून म्हणाला, "आजोबा, मग आपलं घर कुणाचं?"

कर्जाचे हप्ते मी फेडले, तेव्हा घर माझेच. तरी उत्तर चटकन तोंडातून निघेना. सौभाग्यवतींनी मात्र निकाल दिला, "यंदा फराळाचं पहिलं ताट मावशींकडे."

एका ताटाने खाचर परत मिळत नाही, हे मलाही कळते. पण ताट घेऊन जाईन तेव्हा त्यांच्या सासऱ्यांचे नाव तरी विचारीन म्हणतो.