जहाजावरच्या पंगतीचा पोशाख

नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या, मालमोटारींच्या रांगा, गोदामे आणि अंबाझरीची आयुधनिर्माणी ह्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या वाडीपासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. आणि तरीही पर्यटक जहाजाच्या भोजनगृहात कोणता पोशाख करून बसावे, ह्या प्रश्नाचा खल हल्ली वाडीतल्या घरांच्या गच्च्यांवर होऊ लागला आहे, ह्याचे कोणी नवल करू नये. ऑक्टोबर 2018मध्ये ‘आंग्रिया’ ही प्रवासी नौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, सप्टेंबर 2021पासून ‘कॉर्डेलिया’चे मोठे जहाज मुंबईहून सफरींना निघू लागले, आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेली किंवा पुण्या-बंगळुरात नोकरीस लागलेल्या मुलांनी आग्रह धरलेली पुष्कळ वैदर्भीय जोडपी, ज्यांनी अंबाझरी तलावापलीकडे पाण्याचा विस्तार क्वचितच पाहिला होता, ती आता थेट जहाजाची शिडी चढू लागली आहेत.

वादाचे कारण माहितीपत्रकातली एक ताकीद आहे. संध्याकाळनंतर मुख्य भोजनगृहात अर्धी विजार, बिनबाह्यांचा बनियन, पोहण्याचे कपडे आणि रबरी सपाता चालणार नाहीत, असे अनेक जहाज कंपन्या बजावतात. आणि परदेशी जहाजांवर तर सफरीतील एखाददुसरी रात्र खास समारंभाची म्हणून जाहीर होते, त्या रात्री पुरुषांनी कोट-टाय व स्त्रियांनी त्याच तोलाचा पेहराव करावा अशी अपेक्षा असते. एका पक्षाचे म्हणणे असे, की आम्ही रोख पैसे मोजून सुट्टी घेतली आहे, तेव्हा आम्ही काय ल्यावे ह्याचे फर्मान काढण्याचा अधिकार खानसाम्याला कोणी दिला? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की ज्याला चारचौघांत बसण्याचा रिवाज पाळायचा नाही, त्याने आपल्या खोलीत बसून जेवावे. माझ्या मते पहिल्या पक्षाला पंगत म्हणजे काय ह्याचा विसर पडला आहे आणि दुसऱ्याला माणूस म्हणजे काय ह्याचा. नियम असावा, परंतु तो कशाचा असावा हेच ठरवण्यात दोघांचीही चूक होते.

नियमाचा उगम जुन्या बोटींच्या वर्गव्यवस्थेत आहे. पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी रात्रीचे भोजन हा दिवसाचा प्रमुख समारंभ असे, आणि तेथील पोशाख, काटे-चमचे व आसनांचा क्रम ह्यांतून खालच्या वर्गापासूनचे अंतर रोज रात्री नव्याने आखले जाई. 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेस निघालेले तरुण मोहनदास गांधी काटा-चमचा हाताळता येत नाही म्हणून भोजनगृहात जाण्यास संकोचत आणि घरून नेलेल्या मिठाईवर व फळांवर आपल्या खोलीतच दिवस काढत, हे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांना कोणी मज्जाव केलेला नव्हता. पण दार उघडे असूनही आत पाऊल टाकण्याचे धैर्य होऊ नये, इतकी त्या खोलीतल्या अलिखित शिस्तीची जरब होती. आपल्या कोकणच्या बोटींवर हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण तेथील डेकवर घोंगडी अंथरून, घरून आणलेली भाकरी सोडून जो तो जेवत असे.

पुढे काळ पालटला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ठरावीक वेळा, ठरावीक टेबले आणि सक्तीचा औपचारिक पोशाख ही सारी चौकटच सैल केली, आणि इतर अनेक कंपन्यांनीही कमी-अधिक प्रमाणात तोच मार्ग धरला. क्युनार्डसारखी जुन्या परंपरेची कंपनी मात्र संध्याकाळी सहानंतर नीटनेटक्या पोशाखाचा आग्रह अद्याप धरून आहे, आणि तिच्या जहाजांवर मेजवानीच्या खास रात्री आजही थाटात साजऱ्या होतात. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला नटण्याचा कंटाळा आहे त्याच्यासाठी बुफेची वेगळी सोय बहुधा प्रत्येक जहाजावर असते, आणि तेथील अन्न भाड्यातच अंतर्भूत असते. म्हणजे उपाशी कोणी राहत नाही. प्रश्न केवळ एका विशिष्ट दालनात बसण्याच्या अटीचा आहे.

हा सारा विलायती खाक्या आहे आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असे जे म्हणतात त्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची पंगत आठवून पाहावी. जेवणाच्या पोशाखाविषयी सोवळ्याइतका कडक कायदा कोणत्या बोटीवर तरी असेल काय? पुरुषाने मुकटा किंवा कद नेसावा, स्त्रीने सोवळ्याचे लुगडे किंवा तेही नसल्यास धाबळी गुंडाळावी, अंगात शिवलेले वस्त्र असू नये, आणि ह्या वेषात असताना ओवळ्याचा स्पर्श झाला तर पुन्हा स्नान करावे, असा तो शिरस्ता होता. गंमत अशी, की साहेबाच्या पंगतीत शिंप्याच्या हातचा कोट असल्याविना प्रवेश नाही आणि भटजींच्या पंगतीत शिंप्याच्या हातचे काहीही अंगावर असता प्रवेश नाही. दोघांचे नियम परस्परांच्या अगदी उलट, आणि दोघांचाही अंतस्थ हेतू मात्र पुष्कळ अंशी एकच, तो म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे पाहताक्षणी कळावे. हा स्वभाव अद्याप पुरता गेलेला नाही. मे 2023मध्ये नागपूर शहर आणि जिल्ह्यातील चार मंदिरांनी भाविकांसाठी वस्त्रसंहिता जाहीर केली, आणि त्याआधी डिसेंबर 2020मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना कचेरीत जीन्स व टी-शर्ट घालून येऊ नये, आठवड्यातून एकदा खादी वापरावी, असे परिपत्रक काढले. तेव्हा नियमाची हौस आम्हांलाही आहे. ती केवळ साहेबाच्या माथी मारून चालणार नाही.

नियम कुठे अन्याय्य होतो हे दाखवणारी उदाहरणे आपल्याच देशातल्या क्लबांनी पुरवली आहेत. मुंबईचा विलिंग्डन क्लब 1918च्या सुमारास स्थापन झाला तो हिंदी व युरोपीय सभासदांनी एकत्र बसावे ह्या उदार उद्देशाने, कारण त्या काळचे गोऱ्यांचे क्लब हिंदी माणसाला दारात उभे करत नसत. आणि त्याच क्लबात पुढे 1980च्या दशकात, पंढरपुरात जन्मलेल्या आणि अनवाणी चालण्याचा परिपाठ ठेवलेल्या चित्रकार मकबूल फिदा हुसेन ह्यांना पायांत पादत्राण नाही म्हणून प्रवेश नाकारला गेला. जुलै 2014मध्ये चेन्नईला तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात पुस्तक प्रकाशनासाठी आलेले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंतामन ह्यांना ते धोतर, म्हणजे त्यांची वेष्टी, नेसून आले म्हणून दारातूनच परत पाठवण्यात आले. तो मामला विधानसभेत गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडूने असा कायदा केला की सार्वजनिक जागी, क्लबातही, वेष्टी किंवा तत्सम भारतीय पोशाखास मज्जाव करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद व पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, आणि संस्थेचा परवानाही रद्द होऊ शकेल. स्वतःच्या भूमीत स्वतःचे वस्त्र नेसण्यासाठी कायद्याचे संरक्षण मागावे लागणे, ह्याहून त्या नियमाच्या अन्याय्यपणाचा निराळा पुरावा नको.

परंतु ह्यावरून पोशाखाचा प्रत्येक आग्रह म्हणजे जुलूम, असा निष्कर्ष काढणारे एक मोठे सत्य नजरेआड करतात, आणि ते सत्य नागपूरकरांना तरी सांगावे लागू नये. डिसेंबर 1927मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात पोशाखाचाच उपदेश होता: जातीची खूण पटावी अशा तऱ्हेने आखूड लुगडे नेसणे आणि गळाभर, हातभर कथलाचे दागिने घालणे सोडा, लुगडे नीट घोळदार नेसा, आणि वस्त्र ठिगळांचे असले तरी ते स्वच्छ असू द्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी लोटलेला लक्षावधींचा समुदाय शुभ्र वस्त्रांत आला होता, आणि बाबासाहेब स्वतः पांढरे रेशमी धोतर व पांढरा कोट घालून मंचावर उभे होते. ज्यांना शतकानुशतके चांगले वस्त्र अंगावर घालण्याचीच मनाई होती, त्यांच्या दृष्टीने नीट पोशाख करून चारचौघांत बसणे ही एक हक्काची प्राप्ती होती. महाडच्या उपदेशात नियमाची खरी कसोटी सापडते. त्यात स्वच्छता मागितली होती आणि आत्मसन्मान मागितला होता. रेशीम मागितले नव्हते. जो नियम गरिबातला गरीब माणूस आपल्या पेटीतल्या वस्त्राने पाळू शकतो तो संस्कार होय; जो पाळण्यासाठी दुकानात जावे लागते तो केवळ दाखवेगिरीचा दाखला होय.

ह्या कसोटीला लावून पाहिले तर ढिलाईचे समर्थन करणाऱ्यांचीही बाजू लंगडी पडते. पोहून आलेला एक गृहस्थ ओल्या बर्मुड्यातून पाणी ठिबकवत, सपातांचा फटफट आवाज करत डोशाच्या तव्यापाशी रांगेत घुसतो, ओल्या हाताने चिमटा उचलतो, आणि त्याच खुर्चीवर बसून उठतो जिच्यावर पाच मिनिटांनी कोणी आजीबाई आपल्या इरकली लुगड्यानिशी बसणार असतात: ह्या दृश्यात स्वातंत्र्याचा अंश किती आणि बेपर्वाईचा किती, हे वाचकांनीच ठरवावे. सहभोजनात आपण जेवणारे असतो तसे इतरांच्या डोळ्यांसमोरचेही असतो, आणि त्यांच्यासाठी हातपाय धुऊन, केस विंचरून, कोरडे वस्त्र बदलून येण्याचे कष्ट घेणे हा यजमानाचा, शेजाऱ्याचा आणि अन्नाचा मान आहे. तिकिटाच्या पैशांत खुर्ची मिळते. शेजारी बसलेल्याची मुर्वत न राखण्याची मुभा त्यात येत नाही. आणि जे वाढपी वर्दीची शेवटची गुंडी लावून मध्यरात्रीपर्यंत उभे असतात, ज्यांत आपल्या गोव्या-कोकणातलीही मुले असतात, त्यांच्यासमोर बनियनवर बसून हुकूम सोडणे हेही काही भूषणावह नाही.

ह्या दोन टोकांमध्ये सामान्य माणसाची कशी ओढाताण होते ते आमच्या गल्लीत पाहावयास मिळाले. आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले एक शेजारी, ज्यांनी उभी नोकरी खाकी कपड्यांत आणि सारे सणवार पांढरे धोतर व सदऱ्यात काढले, त्यांच्या हाती मुलाने सिंगापूरच्या सफरीचे पत्रक दिले. त्यात ‘फॉर्मल’ हा शब्द ठळक छापला होता. त्यांनी प्रवास कंपनीच्या कचेरीत फोन लावून धोतर चालेल काय अशी पृच्छा केली, तेव्हा पलीकडून उत्तर आले, “काका, धोतराचं काही सांगता येणार नाही, तुम्ही ब्लेझर घेऊनच टाका.” फोन ठेवून ते मला म्हणाले, “दोन रात्रींसाठी कोट शिवू का भाऊ? अन् वापस आल्यावर वाडीच्या उन्हात तो घालून मी जाऊ कुठं?” प्रश्न बिनतोड होता. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो तिथल्या माणसाच्या कपाटात कोट नसणे हा त्याच्या सभ्यतेचा अभाव मानता येत नाही. हवामानाने त्याला शिकवलेला तो शहाणपणा आहे. वास्तविक ब्रिटिश परंपरेच्या काही कंपन्यांच्या नियमांत राष्ट्रीय पोशाखाला औपचारिक पोशाखाचाच दर्जा दिलेला आढळतो. म्हणजे मूळ साहेब मुभा देतो आणि आपला दलाल ती सांगायला विसरतो, असा हा उफराटा कारभार आहे. आणि ह्या विस्मरणाची किंमत एखाद्या निवृत्त माणसाच्या खिशातून वसूल होते.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या चालकांनी आणि महाराष्ट्रात तिकिटे विकणाऱ्या प्रवास कंपन्यांनी भोजनगृहाचा पोशाखविषयक नियम तिकीट काढण्यापूर्वीच मराठीत, स्वच्छ शब्दांत छापावा; धोतर-सदरा, नऊवारी, पाचवारी, झब्बा-पायजमा आणि कोल्हापुरी चप्पल ही सारी औपचारिक पोशाखात गणली जातील असे त्यात नि:संदिग्ध लिहावे; आणि ओले, मळके, उघडेवाघडे कपडे मात्र मुख्य भोजनगृहात कोणालाही, मग त्याची खोली कितीही महागडी असो, चालणार नाहीत हा नियम बिनमुर्वतीने अंमलात आणावा. आपल्या शहरांतील जुन्या क्लबांनीही आपल्या नियमावल्या एकदा ह्याच दृष्टीने तपासून पाहाव्यात, म्हणजे तमिळनाडूसारखा कायदा करण्याची वेळ महाराष्ट्रावर येणार नाही.

आणि प्रवाशांना एवढेच सांगणे, की माहितीपत्रकातल्या एका शब्दाला भिऊन उसना कोट बांधून नेऊ नका, तशी सुट्टीच्या नावाखाली लाजही घरी ठेवून जाऊ नका. कपाटातले सर्वांत चांगले, धुतलेले, इस्त्री केलेले असे जे आपले वस्त्र असेल ते घाला आणि ताठ मानेने पंगतीला बसा. त्यावर कोणी हरकत घेतली तर नियम लेखी दाखवण्यास सांगा.