समुद्राला शनिवार-रविवार कळत नाही

मुंबईत हौसेखातर गळ टाकणाऱ्या नोकरदार मंडळींचं एक ठरलेलं असतं. शुक्रवारी रात्री रीलला तेल, शनिवारी पहाटे वांद्र्याचे नाहीतर मढचे खडक. समुद्र कसा आहे ते अ‍ॅपला विचारायचं. पाऊस नाही, वारा नाही, माशाच्या चित्रापुढे चार तारे... की निघाले! माझं म्हणणं एवढंच, की सुट्टी बघून समुद्रावर जाऊ नये, तिथी बघून जावं.

यात श्रद्धेबिद्धेचा काही संबंध नाही. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३ च्या सुमारास. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला १२, दुपारी आणि रात्रीही. पुढे मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी. एका ओळीचा कोड, नेटवर्कही लागत नाही :)

आता पौर्णिमेचा शनिवार घ्या. सकाळी ६ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेले, आपण खूश होऊन पार टोकाला जाऊन उभे. पण हे उधाणाचं पाणी. मुंबईत तेव्हा भरती-ओहोटीत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो आणि त्यातलं जवळपास निम्मं पाणी ८ ते १० या दोनच तासांत चढतं, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. आपलं तोंड समुद्राकडे, आणि परतीच्या वाटेवरचा खोलगट भाग मागच्या मागे भरत जातो. त्यात मोठा मासा लागलेला असला तर विचारूच नका!

बरं, एवढं करून मासे तरी मिळतात का? उधाणाची ओढ तळाचा चिखल ढवळून काढते. पाणी चहासारखं झालं की शिंगाळा वासावर येईलही, पण प्लॅस्टिकचा नकली मासा जिताड्याला दिसायला तर हवा? अष्टमी-नवमीच्या आसपास भांगेची भरती असते. फरक दीड मीटरच्या आसपास, ओढ कमी, पाणी त्यामानाने निवळ. नकली आमिषवाल्यांनी तेच दिवस धरावेत.

जून-जुलैत तर जाऊच नये. पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक बोटींना असते, आपल्या रॉडला नाही, हे खरं. पण ज्यांचं पोट त्यावर आहे ते बोटी ओढून थांबतात, आणि आपण नुसत्या हौसेपायी खवळलेल्या समुद्रात पाय सोडून बसायचं?

थोडक्यात काय, सुट्टी आणि भांग जुळली तर उत्तम. नाही जुळली तर शनिवारी झोपा काढा आणि मधल्या वारी रजा टाका. कारणाच्या रकान्यात ‘अष्टमी’ लिहा. मॅनेजरला उपास वाटेल, वाटू दे.